पूर्णगडची होडी आणि माझं घड्याळ

रत्नागिरीला आंब्याच्या दिवसांत जावं, असं जो तो सांगतो. मी गेले भर श्रावणात, आणि तेही अणुबॉम्बवर बोलायला. पुण्याहून निघताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "तिकडे कशाला बॉम्ब?" मी छत्री घेतली, दोन साड्या घेतल्या, खडूची पेटी घेतली आणि एस.टी.त बसले.

मी एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. पोखरणच्या स्फोटाला आता दहा-बारा वर्षं झाली, तरी लोकांना त्या विषयाची भूक आहे, आणि एका मासिकात माझा लेख येऊन गेला होता. तो वाचून रत्नागिरीच्या एका वाचनालयाचे कार्यवाह पोंक्षे अण्णा यांचं पत्र आलं. निवृत्त मुख्याध्यापक, अक्षर मोत्यासारखं. श्रावणातल्या व्याख्यानमालेसाठी विषयही त्यांनीच घालून दिला होता: ज्या पुढारलेल्या देशांकडे अणुबॉम्ब नाही, त्यांनी मनात आणलं तर तो किती लवकर बनवतील?

घाट, ओकाऱ्या आणि चिखल यांबद्दल लिहीत नाही. ज्यांनी तो रस्ता केला आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी केला नाही त्यांना उगाच कशाला घाबरवा.

रत्नागिरी

पोंक्ष्यांच्या घरी पोचले तेव्हा काकूंनी हळदीच्या पानातले पातोळे उकडायला ठेवले होते. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला आधी "जेवून आलात ना?" असं विचारतात अशी एक थट्टा आहे. ती थट्टा नाही हे मी जाणते, म्हणून त्या घरात माझी मान खालीच होती. पाच पातोळे खाल्ले. सहावा काकूंनी न विचारता वाढला.

व्याख्यानाला वाचनालयाचा दिवाणखाना भरला होता. पुण्यात श्रोते शेवटची बस गाठायला टाळ्यांच्या आधी उठतात. इथे लोक ओल्या छत्र्या भिंतीशी ओळीनं उभ्या करून सावकाश बसले होते. मी तासभर बोलले. जपान, पश्चिम जर्मनी, स्वीडन, कॅनडा. यांच्याकडे अणुभट्ट्या आहेत, इंजिनियर आहेत, कारखाने आहेत. स्वीडननं तर एकेकाळी त्या दिशेनं बरीच तयारी करून विचार सोडून दिला. अडतं ते ज्ञानावर नाही. अडतं ते विशिष्ट द्रव्यावर, आणि त्यावर करारानुसार परदेशी निरीक्षकांची नजर असते. फळ्यावर मी तक्ता काढला. एकाला काही महिने, दुसऱ्याला वर्षभर, तिसऱ्याला दोन वर्षं. हा माझा अंदाज आहे असं दोनदा म्हटलं, पण तक्ता दिसायला इतका देखणा झाला होता की तो अंदाज वाटत नव्हता. मला स्वतःलाही नाही.

प्रश्नांच्या वेळी मागून एक उंच, सडसडीत म्हातारा उठला. पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी. हे पूर्णगडचे उस्मानभाई. चाळीस वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये काढलेली. कोबे आणि योकोहामा त्यांना लांज्याच्या बाजारासारखं ठाऊक.

"बाई, तुमी टाइम सांगितलात, तो बराबर असेल," ते म्हणाले. "जपानी मानूस मी बघितलाय. त्याला नटबोल्ट दिलात तर तो घड्याळ करील. पन आमच्याकडं होडी कोन घड्याळ बघून काढत नाय. पलीकडं बघून काढतात."

लोक हसले. मला राग आला. तक्त्यावर कुणी हसलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "दाखला छान आहे, पण शास्त्र मोजमापावर चालतं."

"मग या की मोजायला," उस्मानभाई म्हणाले.

रात्री पोंक्षे अण्णा म्हणाले, "जा हो तुम्ही. तो माणूस उगीच बोलवायचा नाही. आणि नारळी पौर्णिमेला अजून सहा दिवस आहेत, समुद्रात न्यायचा नाही तुम्हाला." हे वाक्य तेव्हा मी नुसतं ऐकलं.

पूर्णगड

पावसवरून एस.टी. जाते. उतरल्या उतरल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळाचा हिरवा गालिचा होता. त्यावरून मी चार पायऱ्या बसून उतरले आणि चपलेचा अंगठा तुटला. खाली एक बाई उभी होती. चाळिशीची, काळीसावळी, कंबरेला पदर खोचलेला. ती हसली नाही. आपल्या पायातल्या स्लिपर काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "घाला. आमचं पाय इथल्या दगडांना वळखतात."

ही शेवंती. गोविंद तांडेलाची बायको. उस्मानभाईंचं घर आणि तांडेलाचं घर यांच्यामध्ये एक नारळ आणि एक विहीर. दोघांची मिळून एक होडी. लाकूड गोविंदचं, इंजिन उस्मानभाईंचं. भागीचा हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. पुण्यात दोन सख्ख्या भावांची एक स्कूटर टिकत नाही.

होडी किनाऱ्यावर वर ओढून ठेवली होती आणि नारळाच्या विणलेल्या झापांनी वरपासून खालपर्यंत शाकारलेली होती. तशा दहा-बारा होड्या ओळीनं. खाडीच्या पलीकडच्या तीरावरही तशाच दहा-बारा, इकडून स्पष्ट दिसत होत्या. इंजिन उस्मानभाईंच्या पडवीत, गोणपाटाखाली. चाचा, म्हणजे उस्मानभाई, रोज सकाळी ते गोणपाट उचलून बघतात, असं शेवंतीनं सांगितलं. नातवालासुद्धा इतकं बघत नाहीत म्हणे.

संध्याकाळी सगळ्यांसाठी चाचांकडे शेवंतीच्या हातची तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण होतं. श्रावण होता. मी खाल्लं. पोंक्षे काकूंनी हे वाचलं तर त्यांनी मोठ्या मनानं घ्यावं.

जेवताना रीत कळली. पावसाळा लागला की होड्या वर येतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात जात नाहीत. या तीरावरची नाही, त्या तीरावरची नाही. हिंदूची नाही, मुसलमानाची नाही. सरकारी कागद नाही, पोलीस नाही.

"पण समुद्र आधी शांत झाला तर?" मी विचारलं.

"होतो कदी कदी," गोविंद म्हणाला. हा गडी बुटका, रुंद आणि हसरा. "शेवटच्या आठ दिवसांत तर पुष्कळदा. कोलंबी जवळ येते. पयला जाईल त्याची चांदी."

"मग कुणी जात का नाही?"

गोविंदनं बायकोकडे बघितलं. उत्तर शेवंतीनंच दिलं. सात वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एका होडीवरचे झाप चार दिवस आधी उतरले. कुणाचे आधी, यावर दोन्ही तीरांचं अजून एकमत नाही. एक उतरली म्हणून दुसरी, दुसरी म्हणून सगळ्या. दुपारी वारा फिरला. दोन माणसं परत आली नाहीत. त्यातला एक शेवंतीचा थोरला भाऊ. तिचं माहेर पलीकडचं, त्या समोरच्या तीरावरचं. धाकटे दोन भाऊ अजून तिकडे होडी चालवतात.

हे सगळं तिनं भाकरी थापता थापता सांगितलं. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुसरा दिवस

आता माझी चूक सांगते. ती मी सकाळी चहा पिताना, अगदी सहज केली.

पाऊस उघडला होता. शेवंती भात बेणायला, म्हणजे तण काढायला, मळ्यात गेली होती. मी गोविंदला विचारलं, "समजा, काढायचीच झाली, तर ही होडी पाण्यात जायला किती वेळ लागेल?"

"अर्दा दिस," गोविंद म्हणाला.

चाचांना ते लागलं. "अर्दा दिवस? माझा इंजिन अर्दा दिवस घेतो? दोन तास. त्याच्यावर मिनिट नाय."

"बघू तर," मी म्हटलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं.

एवढंच झालं. कुणाच्याही मनात दर्यात जायचं नव्हतं. पाहुणी आली आहे, शिकलेली आहे, हौसेनं विचारते आहे, तिला नाही कसं म्हणायचं? शेजारचे सहा-सात गडी आले. झाप उतरले. इंजिनाला दोर बांधून, वासा खांद्यावर घेऊन, "हय्या" म्हणत ते आणलं. चाचा मागून सूनबाईला नेत असल्यासारखे सांभाळून चालत होते. इंजिन बसलं, पेच आवळले, बादलीनं पाणी ओतलं, हँडल मारलं. पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, तिसऱ्यांदा सुरू झालं. टक-टक-टक असा आवाज खाडीभर घुमला. दोन मिनिटं चालवून चाचांनी ते बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"एक तास पन्नास मिनिटं," मी म्हटलं आणि टाळ्या वाजवल्या. वहीत आकडा लिहिला.

तेवढ्यात शेवंती धावत आली. पायाला चिखल, हातात विळा. तिनं होडीकडे पाहिलंच नाही. ती पाण्यापलीकडे पाहत होती. मग आम्हीही पाहिलं.

पलीकडच्या तीरावर माणसं जमली होती. एका होडीवरचे झाप खाली येत होते. मग शेजारच्या होडीवरचे.

"तुमी काय केलांव?" शेवंतीनं नवऱ्याला विचारलं. आवाज चढवला नाही.

"काय नाय. बाईंना दाकवत होतो."

"त्यांना काय म्हाईत, बाईंना दाकवताव? त्यांनी इंजिन आयकला."

माझं घड्याळ हातातच होतं. पलीकडे दुसऱ्या इंजिनाचा आवाज उठला तेव्हा सवयीनं माझी नजर त्यावर गेली. पहिला झाप उतरल्यापासून त्यांना पन्नास मिनिटं लागली होती. आमच्या निम्म्याहून कमी. आमचे लोक मला दाखवत होते. ते आम्हाला बघून करत होते.

इकडचं वातावरण डोळ्यांदेखत बदललं. मघाशी हसत वासा उचलणारे गडी आता जाळ्यांची चौकशी करू लागले. कुणी म्हणालं, ते निघणार, आपण काय बघत बसायचं? गोविंद चुळबुळत उभा होता.

"मला जायाचां नाय," तो मला म्हणाला. "पन ते गेले तर?"

हे वाक्य मी परदेशी मासिकांत, मोठमोठ्या माणसांच्या तोंडी, कितीतरी लांबवून लिहिलेलं वाचलं होतं. ते इतकं लहान असतं हे ठाऊक नव्हतं. मी घाबरले. माझ्या एका प्रश्नापायी आज कुणी बुडालं तर मी कुठल्या तोंडानं घरी जाणार होते?

"झाप परत घाला ना," मी म्हटलं.

"आता घातलं तर म्हनतील, फसवतायत," गोविंद म्हणाला. "खाली इंजिन तसाच आहे, म्हनतील."

तेव्हा चाचांनी कुणाला न विचारता पेच सैल करायला घेतले. इंजिन पुन्हा वाशावर चढवून त्यांनी ते घरी नेलं नाही. पार पाण्याच्या काठाला, उघड्या खडकावर नेऊन ठेवलं, पलीकडून दिसेल असं. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. ज्या इंजिनाला पडवीत गोणपाट लागायचं ते तिथे भिजत होतं आणि चाचा त्याच्या शेजारी टोपी ओली करत उभे होते. मला फार वाईट वाटलं.

पलीकडची धावपळ थोडी मंदावली. थांबली मात्र नाही.

शेवंती घरात गेली होती. बाहेर आली ती कोरडं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन.

"मी माहेरी चाललंय. पुनवेपातूर," ती म्हणाली.

"आता?" गोविंदनं विचारलं.

"आता. मी त्यांच्या पडवीत बसलेली असताना तुमी दर्यात जाल?"

गोविंद मान खाली घालून नाही म्हणाला.

"आनी माज्या डोळ्यांम्होरं माझं भाव होडी काढतील? येकाला गमावून बसलंय, म्हाईत हाय त्यांना." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमीपन चला. घड्याळ घ्या."

पलीकडे

आम्ही तरीतून निघालो. तर म्हणजे खाडी ओलांडायची लहान होडी, वल्ह्यांची. तिला बंदी नसते. मी शेवंतीची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी इचारलांत. आमच्या मानसांना अक्कल नको?" आणि मग जरा वेळानं, "तुमच्या त्या देशांत असां झालां तर कोन जातां?"

मी तिला निरीक्षकांबद्दल सांगितलं. ते येतात, मोजतात, शिक्के मारतात, तपासून परत जातात.

"परत जातात?"

"हो."

"राहायला नको?" शेवंती म्हणाली. मी वाद घातला नाही, हे माझ्या ओळखीच्यांना खरं वाटणार नाही.

तीरावर तिचा भाऊ महादू उभा होता. मागे त्याची होडी उघडी, आत इंजिन. "आक्का, तुमच्याकडलं कवा निघनार?" त्यानं विचारलं.

शेवंती सरळ घरी गेली, पडवीत पिशवी ठेवली, भावजयीला चहा टाकायला सांगितलं आणि मग म्हणाली, "पुनवेपातूर ऱ्हानार हाय. कोन निघत नाय. ह्या शेरातल्या बाई. इंजिन बसवायला किती येळ लागतो ता त्यांना बगायचा व्हता."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात दोनशे पोरांसमोर उभी राहते, पण तशी कधी उभी राहिले नव्हते. मी वही उघडून आकडा दाखवला. "एक तास पन्नास मिनिटं. फक्त मोजत होते हो."

महादूनं विचारलं, "आनी आमी?"

"पन्नास मिनिटं."

त्याच्या चेहऱ्यावर आधी अभिमान आला. आलाच, मी पाहिला. मग त्याचं बहिणीच्या पिशवीकडे लक्ष गेलं आणि तो खाली बसला. "आवाज आयकला," तो म्हणाला. "वाटलां, पुन्ना तसाच."

"पुन्ना तसा व्हायचा नाय म्हनून आलंय," शेवंती म्हणाली. "च्या पी."

पडवीतून दोन्ही तीर दिसत होते. चहा झाल्यावर महादूनं एक झाप चढवला आणि थांबला. पलीकडे गोविंदनं एक चढवला आणि थांबला. मग इकडे एक. मग तिकडे एक. इंजिन उतरवून खडकावर ठेवायची पाळी आली तेव्हा महादूनं बरीच कुरकुर केली, पण ठेवलं. खाडीच्या दोन काठांवर दोन इंजिनं समोरासमोर भिजत बसली. इंजिनं पडवीत जाऊन सगळं पूर्ववत व्हायला तीन तास वीस मिनिटं लागली. काढताना कुणी थांबत नव्हतं. घालताना दर झापाला समोर बघायचे. तोही आकडा मी वहीत लिहिला. तक्ता काढला नाही.

शेवंतीला तिथेच ठेवून मी संध्याकाळी परत आले. निघताना तिच्या स्लिपर परत देऊ लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पायऱ्या तुमच्या वळखीच्या नायत."

परत

त्या रात्रीचा भात गोविंदनं केला. त्याबद्दल एवढंच सांगते की मी जेवले. चाचा पडवीत इंजिनाचे भाग सुटे करून रॉकेलनं पुसत होते आणि त्याच्याशी हळू बोलत होते. मी म्हटलं, "चाचा, माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळं कसां? मला दाकवायचा होता," ते म्हणाले. "चाळीस वर्सं इंजिन सांभाळला. कोन विचारायला आलां तं दाकवावासा वाटतो. तुमच्या त्या देशांतल्या इंजिनियरांनापन वाटत असेल." आणि पुन्हा पुसायला लागले. माझ्या लेखात हा मुद्दा नव्हता.

पुण्याला आल्यावर आठ-दहा दिवसांनी चाचांचं कार्ड आलं. लिहून दिलेलं कुणा दुसऱ्याच्या अक्षरात, खाली त्यांची इंग्रजी सही, बोटीवरची. पौर्णिमेला दोन्ही तीरांनी एकाच वेळी नारळ सोडले. होड्या बरोबर निघाल्या. दर्या चांगला होता, कोलंबी मिळाली, सगळे परत आले. महादूनं पहिल्या फेरीत आपल्या होडीतून बहिणीला सासरी आणून सोडलं. गोविंद चार दिवसांत वाळला. इंजिनाला गंज लागलेला नाही, काळजी नसावी.

कार्डावर जागा संपली होती, म्हणून शेवटच्या दोन ओळी कडेनं, उभ्या लिहिल्या होत्या. शेवंती विचारते, ते जपान, जर्मनी वगैरे देश. त्यांनी एकमेकांकडे लेकी दिल्यात का?

ते कार्ड माझ्या टेबलावर आहे. उत्तराचं कार्ड घेऊन आज तिसऱ्यांदा बसले. पत्ता लिहून झाला आहे.